बाण

डंडी. साडेतीनलाच अंधार, टे नदीवर धुकं.
मोरागनं दोन हजार चार साली लिहिलेला क्लास
उघडून बसले आहे.
बिलं तारखेनं लावायची, एवढंच काम;
त्यासाठी लांबलचक नाव, कंस, कंसात कंस, ओव्हरराइड.
नमनालाच घडाभर तेल.

"काढ की सगळं," मोराग म्हणते, चहा ढवळत,
"मला नाही वाईट वाटत."
मी काढते.
उरते एक ओळ, ना नाव ना गाव:
डावीकडे दोन बिलं, उजवीकडे त्यांची तुलना,
मधे एवढासा बाण.
कुणाच्याही हाती देता येईल, चिठ्ठीसारखी.

मग बाहेरची एक संख्या आत हवी होती.
लॅम्डा घेतो बाहेरचं, पण बजावून:
आता हे बदलायचं नाही.
मी खाली बदलत होते.
लाल रेघ.

इचलकरंजी सोडताना मीही घेतलं होतं आत
आप्पांचं वजन, अडुसष्ट किलो.
काल यशोधन फोनवर सहज म्हणाला,
एकावन्न.

"चाललं का?" मोराग कोट घालता घालता विचारते.
नाही. अजून कंपाइल होत नाहीये.