कच्ची फाईल

फलजच्या गल्लीत, कराकच्या टपरीला लागून
शिनोजचं मोबाईलचं दुकान, एका माणसाच्या रुंदीचं.
त्यानं फोन उलटा केला, लेन्सवर फुंकर घातली,
शर्टाच्या टोकानं पुसली आणि म्हणाला,
"भाई, काच ठीक है. अंदर जो बैठा है, वो ज़्यादा होशियार है."

चार वर्षं मी त्या आतल्या शहाण्यालाच कॅमेरा समजत होतो.
बटण मी दाबायचो, फोटो तो काढायचा.
रात्रीचा दिवस करायचा.
सोहारच्या समुद्राला नीळ घालायचा,
धोतराला घालावी तशी.
मार्चात धुळीचं वादळ आलं. बंदरावरच्या क्रेन दिसेनात,
दुपारी दोनला आकाश
हळदीत बुडवलेल्या फडक्यासारखं.
फोटोत काय आलं? ढगाळ. राखाडी, सभ्य.
वृषालीनं मिरजेहून लिहिलं:
"वादळ वादळ करतोस, छान गार दिसतंय की."

शिनोजनं दुसरं ॲप टाकलं.
कुणी कुठल्या खोलीत बसून लिहिलेलं, कुठल्याच स्टोअरात नसलेलं.
तीनदा उघडताच मिटलं.
चौथ्यांदा जो फोटो आला तो
विहिरीतून शेवाळासकट काढल्यासारखा हिरवा.
"रॉ," तो म्हणाला, लग्नाची मुलगी दाखवावी तसा.

रॉ. कच्चं.
चोवीस एमबीची एक फाईल, आणि दिसायला आजारी.
रंग उतरलेला, अंधारात रव्यासारखे दाणे.
मी लहानपणी खेळात कायम कच्चा लिंबू,
आउट झालो तरी कुणी मोजायचं नाही.
इथं दाणा न् दाणा मोजलेला.

मग महिनाभर रात्रपाळीनंतर
दूध पावडरच्या डब्याला फोन टेकवून
आयएसओ शंभर, शटर आठ सेकंद,
दोन सेकंदांचा टायमर, म्हणजे बोटाचा धक्का नको.
रिफायनरीची ज्योत सतरा वेळा जळून पांढरी झाली.
मुश्ताक परकार वरच्या बंकवरून बघत होता.
"काळोख असूदे," म्हणाला, "काळोखातनं काढता येतं काहीतरी.
जळलं की गेलं."
तो वेल्डर. त्याला कोण शिकवणार.

त्याचाही काढला, शुक्रवारी, साडेचारच्या उन्हात,
पार्किंगकडच्या खिडकीत बसवून.
पडदा अर्धा. स्लायडर मी हळूहळू सरकवले,
सावल्या थोड्या वर, हिरवा थोडा खाली,
आणि त्वचेला हात लावला नाही.
हनुवटीवर ठिणग्यांचे तीन डाग.
कानाच्या पाळीला लहानशी खाच.
कपाळावर हेल्मेटच्या पट्ट्यानं पाडलेली वाट,
जिथं आता केस उगवत नाहीत.
हे सगळं आधीपासून होतं. शहाणा दर वेळी पुसत होता,
आणि दाभोळात त्याच्या घरी
गेली सहा वर्षं एक गुळगुळीत माणूस जात होता.

मुश्ताकनं दोन बोटांनी स्वतःला मोठं केलं.
बराच वेळ खाच बघितली.
"हां. ह्योच."
मग फोन परत देत,
"ह्यो तुझ्याकडं ठेव. घरी पैलेवाला धाड.
पोरीची बारावी आहे."

मी पहिल्यासारखा काढून पाठवला.
शिनोजला हे सांगितलं नाही.

मेमध्ये पुन्हा धूळ आली. मी धावत गच्चीवर,
व्हाइट बॅलन्सला कुलूप घातलं,
म्हणजे फोननं मधे पडून समजूत घालायला नको,
आणि श्वास रोखून एकच काढला.
पिवळं पिवळंच आलं. दात किरकिरावेत इतकं.
रात्री तयार करून मिरजेला पाठवलं,
सोबत काही लिहिलं नाही.

तासाभरानं उत्तर:
"दोरीवरचा निळा शर्ट तुझाच ना?
अशा वादळात कुणी वाळत घालतं का.
आणि कॉलर उसवलीय."

मी झूम केलं.
उसवली होती.