टोगोचा नकाशा

बेलापूर, सातवा मजला.
टेबलभर टोगोचा किनारा,
नव्या जेटीच्या जागी लाल पेन्सिलची रेघ.
साहेब सांगतायत: काजूचा कारखाना,
बंदरापर्यंत रस्ता, चार हजार नोकऱ्या.
पैसा आपला, जमीन तिथल्या सरकारची.

गव्हाणचे पदाजी कडू चहा ठेवतात.
बशी येते नेमकी एका गावावर.
"इथं मिठागरं व्हती का, साहेब?"

मी फाईल चाळतो.
भरतीची उंची आहे, विजेचा दर आहे,
मीठ कुठंच नाही.

पदाजी बशी उचलतात,
ओलं वर्तुळ बाहीनं टिपतात, हळू,
खाली कुणी निजलंय जसं.
दारापाशी थांबतात.

"त्यांना किती टक्के सांगितलंय?
आम्हाला साडेबारा सांगितले व्हते."

साहेब पुढचं पान उलटतात.