अक्षराला बारा रुपये

नगरपालिकेनं पाटी मंजूर केली, पत्र्याची, चार बाय तीन,
आणि रंगाला पैसे दिले मोजून.
खाजामियाँ पेंटर म्हणाला, अक्षराला बारा रुपये,
काना-मात्रा फुकट.
सांग व्यंकटी, काय लिहू जगत्तुंगाच्या काठावर?

मी धक्क्यावर उकिडवा बसून सांगत गेलो.
बोटीत पाय टाकायच्या आधी जाकीट घाला,
नुसतं गळ्यात अडकवून फोटो काढू नका,
दोन्ही बक्कल लावा, खालचा पट्टा मांडीखालून घ्या,
नाहीतर पाण्यात जाकीट वर येतं
अन् माणूस खाली जातो.
खाजामियाँ बोटांच्या पेरांवर मोजत होता.
शंभराच्या वर गेली, म्हणाला,
अन् तुझी बोट अजून सुटली बी नाही.

तरी मी थांबलो नाही.
बोट सहा जणांची असते.
सातवा नेहमी कुणाचा तरी मेहुणा असतो
आणि मेहुण्याला नाही म्हणणं या मुलखात अवघड.
लेकरू मांडीवर घेतलं तरी ते एक माणूसच,
पाण्याला हाफ तिकीट ठाऊक नाही.
उन्हाळ्यात चारच्या पुढं वारं उठतं,
आधी पल्याडची बेशरमाची झुडपं हलतात,
मग पाण्याच्या अंगावर काटा येतो.
तेव्हा मी शिट्टी मारली की वळायचं,
अजून एक चक्कर काका, म्हणायचं नाही.
आणि उलटलीच बोट, तर काठाकडं पोहत निघू नका,
काठ दिसतो त्याच्या दुप्पट लांब असतो.
बोटीला धरून ऱ्हावा.
मी येतो.

"मी येतो" हे बी लिहू का? त्यानं विचारलं.
नको, म्हणालो.
तीन वर्षांमागं मी गेलो होतो
आणि उशीर झाला होता.

ब्रश टर्पेंटाइनच्या डब्यात तसाच राहिला.
गावाला माहीत आहे ते.
उदगीरचं वऱ्हाड होतं, पोराचा शर्ट पिवळा, नवा.
मागं किल्ला यावा म्हणून उभा राहिला बोटीत.
जाकीट दिलं होतं मी.
ते सीटवरच होतं, घडी करून,
शर्ट चुरगळू नये म्हणून.

तेव्हापासून छत्तीस जाकिटं रोज मोजतो,
सकाळी एकदा, अंधार पडताना एकदा.
सोमवारी सोजर ती धुऊन सावलीत वाळवते,
उन्हानं पट्टे कुजतात.
पोरांच्या मापाची चार मी नांदेडहून आणली,
त्यांचं बिल अजून कुणाच्या तरी टेबलावर आहे.

खाजामियाँ बराच वेळ पाण्याकडं बघत बसला.
मला बी पोहता येत नाही, म्हणाला,
साठ वर्षं झाली या काठाला.
मग न विचारता उठला आणि हातभर मोठी अक्षरं काढली:

बसा.
बांधा.
परत या.

पहिल्या चार अक्षरांचे अठ्ठेचाळीस घेतले,
शेवटच्या चारांचे घेतले नाहीत.
उरलेला पत्रा निळा सोडला.

लोक हसतात आता.
खानावळीवर असतं तसंच झालं की हे, म्हणतात.
हसू द्या, हसता हसता बक्कल लागतं.
काल सहा बसले आणि सातवा आला, मेहुणाच होता.
यात कुठं लिहिलंय सहा? पाटीकडं हात करून म्हणाला.
मी म्हणालो, तिथवर पैसे पुरले नाहीत.
तो धक्क्यावर बसला मग, सगळ्यांच्या चपला राखत,
वीस मिनिटं, तोंड फुगवून.

दिवेलागणीला जाकिटं भरली पस्तीस.
पुन्हा मोजली. पस्तीस.
पाण्याकडं बघायचं धाडस होईना.
तेवढ्यात सोजरनं हाक मारली रस्त्यावरून.
छत्तिसावं घालून एक पोरगी
रसाच्या गाड्यापाशी उभी होती,
तिन्ही पट्टे आवळलेले, काढायला तयार नव्हती.
म्हटलं, राहू दे,
रस पिऊन होईपर्यंत.