खाटेचा चौथा पाय

मिलचा भोंगा बंद पडला
तरी परदेशीपुऱ्यातल्या आमच्या दोन खोल्यांत
तो वाजतच राहिला.
आप्पा टाइमकीपर होते.

निळ्या पुठ्ठ्याचं रजिस्टर, मिलच्याच स्टोअरमधलं
(पैसे भरल्याची पावती पहिल्या पानाला टाचलेली),
पट्टीनं आखलेले रकाने :
उपासना. सकाळची प्रार्थना. दशांश. उपास. खोटं.
'खोटं' तांबड्या शाईनं.
माझंही एक पान होतं.
रंगपंचमीच्या गेरेत राजवाड्यापर्यंत वाहत गेले,
नऊ वर्षांची,
हिरवी-जांभळी होऊन दारात उभी राहिले.
आई हसली.
आप्पांनी पेनाचं टोपण काढलं.

मिल बंद झाली त्या महिन्यात
आवक शून्य,
दशांश शून्य,
आणि शून्याखाली सही, तारखेसकट.
देवाची बाकी राहायला नको.
मला देव तेव्हा टाइम ऑफिसच्या खिडकीसारखा दिसायचा :
अर्धं शटर, आत फक्त मनगट,
मनगटावर घड्याळ.

मग एका मंगळवारी, तांदूळ निवडता निवडता
आई कलंडली.
डावी बाजू गेली, बोलणं गेलं,
सगळ्या मराठीतून दोनच शब्द उरले : असू दे.
पाणी हवं असलं तरी असू दे,
नको असलं तरी असू दे.
आप्पांच्या हातून पेज सांडली, चादर भिजली,
ते स्वतःवरच चिडले,
असू दे, ती म्हणाली,
आता हे तिला म्हणायचं होतं की काय, कोण सांगणार.

एकट्यानं ती उचलायची नाही.
म्हणून संध्याकाळी
भुट्ट्याच्या किसाची गाडी लावायच्या आधी
चौकसे यायचे, पूर्वी साचाखात्यात होते,
आईला पोरासारखं उचलायचे
आणि अंथरूण बदलेपर्यंत धरून उभे राहायचे,
तोंड भिंतीकडे करून.

अकरा रविवार आप्पा चर्चला गेले नव्हते.
अकराव्या रविवारी त्यांच्यानं राहवलं नाही.
म्हणाले, चौकसे, अठ्ठ्याऐंशी साल, जुलैची बारा,
तुमची मुलगी दवाखान्यात होती,
तुम्ही दोन मिनिटं उशिरा आलात,
मी अर्धा दिवस कापला.
तारीख पाठ होती त्यांना. मिनिटंही.

चौकसे आईच्या मानेखाली हात घालून वाकले होते.
"कौन-सा दिन, बाबूजी?
ज़रा तकिया देना."

आप्पा उशी घेऊन उभे.
चौकशांनी ती हातातून काढून घेतली
तरी तसेच उभे.

त्या रात्रीचं पान कोरं आहे.
पुढचंही. मी विचारलं तर
"राहून गेलं," म्हणाले,
ज्या माणसाचं आयुष्यात काही राहून गेलं नव्हतं.

प्रार्थना सुटली असं नाही.
पहाटे चारला उठायचे, गजर न लावता,
कारण ती जागी असायची.
तिचे केस विंचरताना ओठ हलायचे.
दशांश मोजेनासे झाले,
डबाच रिकामा दिसायचा महिनाअखेर.
कुणाकडे गेलं, विचारायची सोय नव्हती,
एवढं कळलं की चौकशांच्या गाडीला नवं चाक आलं.

खाट डुगडुगायची, आईला झोप लागेना.
आप्पांनी इकडे तिकडे पाहिलं,
रजिस्टर घेतलं,
चौथ्या पायाखाली सरकवलं.
बरोब्बर बसलं.

दोघंही गेले. खाट मी वापरते,
रजिस्टर काढलेलं नाही.

आज छावणीत पोचले तेव्हा
संदेश निम्मा झाला होता.
मागच्या दारानं शिरले, चपलेचा आवाज झालाच,
पाळकांनी वर पाहिलं,
मी सवयीनं मनगटाकडे.

शेवटच्या बाकावर कुणीतरी म्हातारी,
ओळखीची नाही,
पिशवी मांडीवर घेऊन
जराशी सरकली.