पेवातली बाटली

पेवात आता ज्वारी नाही.
शिडी लावून शांतवनदादा उतरला
आणि खालूनच ओरडला, "एकच राहिलीय गं!"

बुचाचा भुगा झाला. चहाच्या गाळणीतून
स्टीलच्या पेल्यात ओतली.
रंग विटेकडे झुकलेला, कडेला फिका.

पहिला घोट: चिंच, ओलं गोणपाट.
दादा म्हणाला, जरा वारा लागू दे.
मग जिभेच्या मागे हळूच
जांभळाची वाळकी बी, काळी माती,
आणि काहीतरी, ज्याला जालन्यात नाव नाही.

चिठ्ठीवर आईची पेन्सिल:
द्राक्षं मिशनच्या मांडवावरची, सन ब्याण्णव.
सुवार्ताच्या लग्नात उघडणे.

मला परवा चौपन्न लागलं.

"आंबली नाही," दादा म्हणाला
पेल्याकडेच बघत.

मी गाळणी झटकली.
अजून अर्धा पेला होईल.