तिसऱ्या बोयाजवळ

धुकं मी पाडते.
तीन नंबरचं बटण, मग सरकपट्टी वर,
आणि क्लाइपेदाच्या या बंद खोलीत
समुद्र दिसेनासा होतो.
बारा वर्षं काचेमागे बसते आहे.
मला सगळे दिसतात. मी कुणाला नाही.

आज चौघंजण आलेत, कंपनीने पाठवलेले,
खऱ्या जहाजावर काहीतरी बिनसलं म्हणून.
कॅप्टन केस्तुतिस, इथलाच,
शब्द उसने आणल्यासारखे खर्च करणारा.
बातुमीचा झुराब, इंजिनवाला,
फोनवर नुसतं "गुड मॉर्निंग" म्हणाला
तरी भांडण लागल्यासारखं वाटतं.
नकाशापाशी ओडेसाची सोलोमिया.
आणि रोडेलिओ, इलोइलोचा,
जो प्रत्येक वाक्याला दोन्ही टोकांना "सर" बांधतो,
पार्सलला सुतळी बांधावी तसा.

सकाळच्या फेरीत तो म्हणाला,
"सर, आज प्रवाह जरा जास्त वाटतो, सर."
कॅप्टन म्हणाला, "हं."
चार मिनिटांनी जहाज वाळूत.

वाळूत म्हणजे काय, पडदा थिजला.
कपातली कॉफीसुद्धा हिंदकळली नाही.

मिल्डा शिकवते. ती रागावत नाही, तीच शिक्षा.
तिने रेकॉर्डिंग लावलं.
पुन्हा लावलं.
केस्तुतिस स्वतःचं "हं" ऐकत राहिला.
केवढंसं ते, आणि त्यात रुतलेलं सबंध जहाज.
"मला वाटलं, हवामानावर बोलतोय."
"तो ओरडत होता," सोलोमिया म्हणाली,
"तो असाच ओरडतो."
"मग तू का नाही बोललीस?"
तिने नकाशाचा कोपरा सरळ केला,
जो सरळच होता.

जेवायला बिटाचं गार सूप, गुलाबी, वर शेपू.
केस्तुतिसने विचारलं, "आवडलं?"
"वेगळं आहे, सर."
दोन घास गेले.
मग कॅप्टन चमचा ठेवून असा हसला
की झुराबसुद्धा दचकला.
"म्हणजे वाईट आहे!
अरे देवा. नऊ महिने हा माणूस मला
काय काय सांगत होता!"

दुपारी पुन्हा धुकं. पुन्हा तीच वाट.
तिसऱ्या बोयाजवळ रोडेलिओ ताठ झाला.
"कॅप्टन, थांबा. खाली सहाच मीटर."
पुढे सर नाही, मागे सर नाही.
केस्तुतिसने थांबवलं.
झुराब फोनवर गरजला,
म्हणजे "बरं" म्हणाला.

मिल्डाने नकाशा पाहिला.
"इथे बारा मीटर आहेत. कायमच होते."

काचेतून मी रोडेलिओची पाठ पाहिली,
एकेक मणका घडी होऊन परत जागेवर जाताना.
कॅप्टन म्हणाला, "चुकलास तरी चालेल. बोलत जा."
चांगलं वाक्य होतं.
पण तो चुकला नव्हता.

यंत्रातला आकडा चुकीचा आहे.
मागच्या नव्हे, त्याच्या मागच्या शरदापासून.
मला माहीत आहे.
हे यंत्र आमच्या संचालकांनी स्वतः निवडलं,
फीत कापतानाचा त्यांचा फोटो जिन्यात आहे.
त्यांना मी एकदा म्हणालेही होते,
"तिसरा बोया जरा वेगळा वागतो, नाही?"
ते म्हणाले होते, "हं."
मग मी मूग गिळले. दीड वर्ष गिळतेच आहे,
लोकांना बोलायला शिकवणाऱ्या इमारतीत,
पगार घेऊन.

खोलीत बोलायचं बटण लाल आहे.
"फेरी सुरू", "फेरी संपली",
एवढ्यासाठीच दाबते मी ते.
त्यावर धूळ नव्हती. तरी पुसलं.
मिल्डा वहीत काहीतरी लिहू लागली होती,
बहुधा त्याचं नाव.

"थांबा," मी म्हणाले,
आणि सगळ्यांनी छताकडे पाहिलं,
आवाज कुठून येतो ते शोधत.