बत्तीस

पहिल्या टर्मिनलचा कागद बोर्डावर लागला
तेव्हा माझं बोट खालून वर सरकत गेलं,
वरून खाली यायला लाज वाटली.
अ‍ॅनाटॉमी : शंभरपैकी बत्तीस.
मेल्विना म्हणाली, घे, दात तरी पूर्ण आले तुझे.
मी हसले. मग नळ मोठा सोडून
बांबोळीच्या हॉस्टेलात रडायचं तेवढं रडून घेतलं.

बारावीनंतर मंडूरच्या तिठ्यावर
माझा फोटो फ्लेक्सवर लावला होता.
अजून तिथेच आहे. ऊन खाऊन
ओठ निळे पडलेत माझे.
सायनोसिस म्हणतात त्याला.
हे मला येत होतं. हे विचारलं नाही.

डॉ. लवंद्यांनी पेपर परत देताना
फक्त सहाव्या प्रश्नावर पेन टेकवलं :
अल्नर नर्व्ह. कुठून निघते, कुठून जाते, काय सांभाळते.
मी अडीच पानं लिहिली होती.
अडीच पानांत ती नस कोपरापर्यंतसुद्धा पोचली नव्हती.
“पाठ केलंस,” त्या म्हणाल्या, “हात लावून बघितलंस का?”

शनिवारी घरी गेले.
पुस्तकी मराठीत मानस म्हणजे मन.
आमच्याकडे मानस म्हणजे खाजनाच्या बांधातलं लाकडी दार :
भरतीचं खारं पाणी ते ढकलून लावतं,
ओहोटीला आतलं पाणी ढकलून उघडतं,
आणि रात्री त्या तोंडाला जाळं लावून
शाणू गावडे बसतो. माझा बाप.

त्याला सांगितलं.
“बत्तीस म्हणजे उणें?”
“उणें.”
“बरें,” म्हणाला, आणि जाळ्यात गुंतलेली कुर्ली सोडवायला लागला.
डाव्या हातानं. उजव्याची करंगळी
नेहमीसारखी आकडा होऊन बाजूला राहिलेली.

एकोणीस वर्षांची आहे मी.
तो हात कधी बघितलाच नव्हता.

हात दी, म्हटलं.
बॅटरीच्या उजेडात पेनाच्या टोकानं
टोचत गेले. कळटा? कळटा. कळटा? कळटा.
करंगळीवर तो गप्प.
शेजारच्या बोटाला एका अंगानं कळटा,
दुसऱ्या अंगानं गप्प.
एकाच बोटाच्या मधोमध ती रेघ,
पुस्तकात जिथे काढलीय तिथेच,
शेणामातीच्या, माशांच्या वासाच्या बोटावर.

मग कोपराच्या आतल्या हाडामागे चाचपलं
आणि ती सापडली :
जाड, दोरीसारखी, बोटाखालून निसटणारी.
बाप कळवळला. “कोण शिकयता तुमकां हें?”

कधीपासून?
बांध फुटला त्या वर्षापासून.
दाराची फळी कोपरावर आली होती.
सांगितलं का नाही?
“दोनूच बोटां गो. आठ आसात न्हय?”

मी चौथीत होते तेव्हा. एवढंच आठवतं
की तीन वर्षं भात धड आलं नाही,
जमिनीतलं मीठ हळूहळू धुऊन जात होतं
आणि बाप दर जूनला कोरगुट पेरत होता.
यातून मला काही सांगायचं नाही.
त्याच्याकडे दुसरं बियाणं नव्हतं.

सोमवारी डिसेक्शन हॉल उघडायच्या आधी दारात उभी.
फॉर्मॅलिननं डोळे झोंबले. बरंच झालं,
कुणी विचारलं असतं तर उत्तर तयार.
करंगळीपासून उलटी निघाले :
मनगट, कोपर, दंड, काख, थेट मानेपर्यंत.
दोनदा वाट चुकले. पुन्हा करंगळीवर आले.

दुसऱ्या टर्मिनलला त्रेपन्न.
फिजिऑलॉजी अजून लंगडतेय,
बायोकेमिस्ट्रीचं न विचारलेलं बरं.

बापाच्या नावाचा केसपेपर काढलाय, गुरुवारचा.
तो म्हणतो, गुरुवारी सकाळी ओहोटी.
त्याच्या पुढच्या गुरुवारी त्याच वेळेला भरती असेल,
दार आपोआप बंद.
मी पंचांग बघून ठेवलंय.